भिंतीत मुरलेला धूर

सांगलीहून बदली होऊन साताऱ्यात आलेले एक बँक कर्मचारी आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे येऊ लागले, त्याला आता तीनेक वर्षे होतील. मुलाची तक्रार एकच. दिवसा बालवाडीत ठणठणीत, पण रात्री अंथरुणावर पडले की खोकल्याची उबळ आणि छातीत शिट्टीसारखा आवाज. सांगलीत असताना थंडीच्या दिवसांत एखाद्या वेळी व्हायचे, साताऱ्यात आल्यापासून मात्र आठवड्याआड सुरू झाले. मी नेहमीचे प्रश्न विचारले. घरात कुणी विडी-सिगारेट ओढते का? नाही. मांजर, कुत्रे? नाही. चूल? गॅस आहे. साताऱ्याची हवा मानवत नसावी असे त्यांनीच ठरवून टाकले होते, आणि मीही औषध, वाफ आणि पंप देऊन त्यांना तीन वेळा घरी पाठवले.

चौथ्या वेळी रात्री दहाला फोन आला. त्यांचे घर शाहूपुरीत, मी त्याच बाजूला एका आजींना तपासायला गेलो होतो, म्हणून थेट त्यांच्याकडे गेलो. दार उघडले आणि नाकाला दोन वास लागले. वरचा वास नव्या रंगाचा आणि त्याच्याखाली शिळ्या सिगारेटचा, विझलेल्या राखदाणीसारखा. मी विचारले, "इथे आधी कोण राहत होते?" एक निवृत्त गृहस्थ, एकटेच, दिवसाला दोन पाकिटे ओढायचे, असे घरमालकाने सांगितले होते म्हणे. "पहिले आठ दिवस वास यायचा डॉक्टर, आता नाही येत," मुलाची आई म्हणाली. वास जागच्या जागी होता, त्यांचे नाक सरावले होते एवढेच. मुलाची गादी ज्या भिंतीला लागून होती, तिच्यावर मी ओला रुमाल घासला. तो तांबूस-पिवळा झाला.

माणसाच्या नाकाची ही खोड आहे. सतत येणारा वास काही मिनिटांतच ते मोजायचे सोडून देते. म्हणून ज्याच्या घरात वास असतो त्याला तो कधीच येत नाही, पाहुण्याला उंबऱ्यातच येतो. आपल्या घराची परीक्षा करायची असेल तर चार दिवस गावाला जा, परत आल्यावर कुलूप काढताच पहिला श्वास नाकाने घ्या. तो पहिला श्वास खरे सांगतो.

आता हा वास म्हणजे आहे तरी काय, ते पाहू. आपली समजूत अशी असते की धूर हवेत असतो, खिडकी उघडली की तो निघून जातो. दिसणारा धूर जातोही. पण तंबाखू जळताना जे शेकडो पदार्थ तयार होतात, त्यांतले बरेचसे तेलकट आणि चिकट असतात. ते भिंतीवर, पंख्याच्या पात्यांवर, पडद्यात, गादीच्या कापसात, पुस्तकांच्या पानांत, अगदी कपाटातल्या साड्यांतही जाऊन बसतात आणि पुढे कित्येक महिने थोडे थोडे हवेत सुटत राहतात. निकोटीन हा त्यांतला सर्वांत चिवट पदार्थ. निपाणीच्या बाजूला ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना वखारीतल्या तंबाखूचा वास माहीत असेल. तो उग्र असला तरी गोडसर असतो. शिळ्या धुराचा वास तसा नसतो, कारण जळल्यावर निकोटीनपासून पिरिडीन वर्गातली वेगळीच रसायने तयार होतात. नाकाला झोंबते ते हे. विडी पातळ आणि लहान, म्हणून तिचा त्रास कमी, ही समजूतही खरी नाही. विडी पेटती ठेवायला जोरजोरात आणि वरचेवर झुरके घ्यावे लागतात, आणि तिच्या धुरातून निकोटीन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्त येतात.

ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जातो तो पहिला धूर, शेजारी बसलेल्याच्या नाकात जातो तो दुसरा. आणि ओढणारा उठून गेल्यावर घरात चिकटून उरतो त्याला अलीकडे 'तिसऱ्या हाताचा धूर' म्हणू लागले आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. जोनाथन विनिकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एका लेखात हा शब्द वापरला आणि तो सर्वत्र झाला. सॅन दिएगो येथील जॉर्ज मॅट या संशोधकाच्या चमूने तर रिकाम्या घरांचा पाठपुरावा केला. ओढणारे भाडेकरू घर सोडून गेले, घर साफ झाले, सरासरी दोन महिने रिकामे राहिले, मग न ओढणारे कुटुंब राहायला आले. तरीही त्या घरांतल्या धुळीत आणि पृष्ठभागांवर निकोटीन सापडले आणि नव्या रहिवाशांच्या बोटांवरही. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. शाहूपुरीतल्या त्या घराचीच गोष्ट म्हणायची. त्याच्या आदल्या वर्षी बर्कलेच्या प्रयोगशाळेने दाखवले की भिंतीवर बसलेले निकोटीन स्वस्थ बसत नाही. गॅसच्या ज्योतीतून आणि वाहनांच्या धुरातून येणाऱ्या नायट्रस आम्लाशी त्याचा संयोग होऊन कर्करोगकारक नायट्रोसामाइन तयार होतात.

इथे डॉक्टर म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शेजारी बसून ओढल्याने लहान मुलांना दमा, न्यूमोनिया, कानाचे दुखणे होते, तान्ह्या बाळाच्या अचानक मृत्यूचा धोका वाढतो, हे पक्के सिद्ध झालेले आहे. भिंतीतल्या धुराबद्दलचा पुरावा अजून बराचसा प्रयोगशाळेतला आणि प्राण्यांवरचा आहे. वास आला म्हणून रोग झाला असे कुणी समजू नये. पण रांगते मूल दिवसभर फरशीवर असते, हात तोंडात घालते, गादीचे टोक चोखते, आणि वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त धूळ पोटात घेते. त्याच्यासाठी मी वाट पाहायला तयार नाही. आणि दम्याच्या मुलाला तर नुसता तो वासही उबळ आणायला पुरतो.

हे सगळे मी त्या कुटुंबाला मोठ्या अधिकाराने समजावले. आणि मग यंदा माझ्या स्वतःच्या घरात तीच वेळ आली.

आमचे घर जुने, कौलारू. सोप्याला लागून अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, खोली. अण्णांनी तिथे बसून पंचेचाळीस वर्षे बिनफिल्टरची सिगारेट ओढली. मुलगा डॉक्टर असूनही ओढली, किंवा मुलगा डॉक्टर होता म्हणून माझ्यासमोर न ओढता दार लावून ओढली. मिरजेला वैद्यकीय शिक्षण घेताना मीही चार वर्षे ओढत होतो आणि ती कुठून शिकलो हे त्यांना माहीत होते, त्यामुळे आमच्यात या विषयावर बोलणे फारसे झालेच नाही. तीन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या जुनाट विकाराने ते गेले. खोली तशीच राहिली.

माझी मुलगी सांगलीला दिली आहे. यंदा पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी येणार म्हणून आनंद होता. फाल्गुनात ती दोन दिवसांसाठी आली, तेव्हा तिच्या आईने सहज म्हटले की अण्णांची खोली तुला देऊ, उजेड चांगला आहे, न्हाणीघर जवळ आहे. ती दारापर्यंत गेली आणि मागे फिरली. "बाबा, तिथे नको. मळमळते मला." गरोदरपणात नाक तिखट होते हे मी जाणतो. पण तिच्या मागोमाग मी आत जाऊन उभा राहिलो तर मला काहीच येईना. शाहूपुरीत उंबऱ्यावर ओळखलेला वास स्वतःच्या घरात मला तीन वर्षे आला नव्हता.

खोली साफ करायची ठरली आणि अडचण वेगळ्याच बाजूने आली. आईने नकार दिला. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. या सिगारेटीवरून तिने अण्णांशी उभा जन्म भांडण केले, पडदे वर्षातून चार वेळा धुतले, पाहुणे यायचे म्हटले की राखदाण्या लपवल्या. तीच आई म्हणाली, "तुम्हाला वास येतो. मला हे बसलेत असे वाटते." संध्याकाळी ती तिथे जाऊन का बसते ते तेव्हा मला कळले. मी काही बोललो नाही. निकोटीन आणि नायट्रोसामाइन हे शब्द तिथे काढण्याची माझी छाती झाली नाही. दोन दिवसांनी तिनेच सूनबाईला विचारले, "खरेच बाळाला बाधतो का गं तो वास?" बाधू शकतो म्हटल्यावर तिने स्वतः फडताळ रिकामे करायला घेतले. अण्णांचा काळा कोट तेवढा तिने बाजूला ठेवला. तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत गेला, आणि ट्रंक माजघरात, तिच्या खाटेखाली. हवाबंद वस्तूचा वास घरभर जात नाही. कोट फेकायलाच पाहिजे असा हट्ट मी धरला नाही, वाचकांनीही कुणाच्या घरी धरू नये.

आता कामाची गोष्ट. रंगारी बोलावला. त्याने भिंत पाहून सांगितले, "चुन्याचे दोन हात मारतो साहेब, वास पळतो." पिढ्यान्‌पिढ्या आपण हेच करत आलो. पण थोडा विचार करा. तंबाखू खाणारा तळहातावर तंबाखूला चुना का मळतो? पानातले निकोटीन आम्लांशी बांधलेले असते. चुना हा अल्कधर्मी, तो ते मोकळे करतो, मग ते गालातून चटकन रक्तात जाते. मोकळे झालेले निकोटीन हवेतही तितक्याच सहज उडते. भिंतीत बसलेल्या निकोटीनवर ओला चुना फासणे म्हणजे भिंतीला तंबाखू मळून देण्यातलाच प्रकार झाला. वरून पांढरे दिसते, आठ-पंधरा दिवस चुन्याचा वास वरचढ राहतो, मग पाऊस पडून भिंत ओलावली की पिवळे डाग वर येतात आणि वासही. पाण्यात कालवलेल्या साध्या डिस्टेंपरमधूनही हे डाग फुटतात. शाहूपुरीच्या घरमालकाने नेमके तेच केले होते.

याच रसायनाचा उलटा उपयोग करता येतो. आम्ल लावले की निकोटीनचा क्षार बनतो, तो उडत नाही आणि पाण्यात विरघळून निघून येतो. चायनीजच्या गाडीवर वापरतात ते पांढरे व्हिनेगर किराणा दुकानात स्वस्त मिळते. एक वाटी व्हिनेगरला तीन वाट्या पाणी पुरे. परंतु आधी डांबराचा तेलकट थर काढावा लागतो, त्यावर व्हिनेगर चालत नाही. म्हणून पहिल्यांदा कोमट पाण्यात धुण्याचा साबण किंवा थोडा धुण्याचा सोडा घालून पुसायचे, मग साध्या पाण्याने, मग व्हिनेगरच्या पाण्याने, आणि शेवटी कोरडे. ऑइल पेंटच्या भिंती, लाकडी दारे, लोखंडी कपाट, खिडक्यांचे गज, काचा, पंखा या सगळ्यांना हे चालते. लाकडावर कापड घट्ट पिळून फिरवावे. पंख्याची पाती आणि बटणांचा बोर्ड लोक विसरतात, आणि तिथेच सर्वांत जाड थर असतो. बोर्ड पुसताना मेन स्विच बंद करा, हे सांगायला नको. आमच्या पंख्याचे पहिले पाणी बिनदुधाच्या चहासारखे निघाले. भिंत खालून वर पुसत गेले की ओघळांचे डाग पडत नाहीत.

व्हिनेगर कुठे चालत नाही तेही लक्षात ठेवा. शहाबादी फरशी आणि संगमरवर हे चुनखडीचेच दगड, आम्लाने त्यांचे तेज जाते. ती साबणाच्या पाण्यानेच पुसावी. चुना दिलेल्या भिंतीवरही ते वाया जाते. आमच्या भिंतींवर चुन्याचे इतके थर होते की ते पाणी मारून भिजवून लोखंडी पट्टीने खरवडावे लागले. कोरडे खरवडू नये, ती धूळ छातीत जाते. रंगाऱ्याला तोंडाला पट्टी बांधायला लावली आणि काम होईपर्यंत मुलीला सांगलीतून हलू दिले नाही. खरवडून झाल्यावर लांबी भरली, त्यावर ऑइल प्रायमरचा एक हात आणि मग रंग. ऑइल प्रायमर खालचा डाग आणि वास कोंडून ठेवतो. त्याचा स्वतःचा वास उग्र असतो, म्हणून गरोदर बाई किंवा बाळ त्या खोलीत जाण्याआधी दारे-खिडक्या उघड्या ठेवून निदान तीन-चार आठवडे जाऊ द्यावेत. आम्ही चैत्रात काम काढले, वैशाखाचे ऊन आणि वारा खोलीला मिळाला. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

इथे एक सावधगिरीची सूचना देतो, ती अगदी मनावर घ्या. व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर ही कधीही एकत्र करू नका, एकामागोमाग एकाच जागी वापरूही नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दार लावून न्हाणीघर धुताना गुदमरलेल्या बायका मी दवाखान्यात पाहिल्या आहेत.

कापडाचे काम कष्टाचे, पण सोपे. पडदे, चादरी, वाकळा कोमट पाण्यात साबणाने धुवायच्या, शेवटच्या पाण्यात वाटीभर व्हिनेगर घालायचे आणि कडक उन्हात वाळवायच्या. एकदा धुऊन वास राहिला तर पुन्हा. कापसाची गादी धुता येत नाही. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून, दोन-तीन दिवस ऊन देऊन, नवी खोळ घालून ती बरीच सुधारते. पण वर्षानुवर्षे ज्या गादीवर बसून कुणी ओढले असेल ती तान्ह्या बाळाला देऊ नये, टाकून द्यावी. फोमच्या गाद्या आणि सोफा यांचे तर काहीच करता येत नाही. पुस्तकांसाठी मी एक उपाय केला. मोठ्या झाकणाच्या डब्यात पुस्तके उभी ठेवली, तळाशी उघड्या वाटीत खाण्याचा सोडा, आणि महिनाभर झाकण लावून ठेवले. अण्णांच्या पुस्तकांचा वास निम्म्याने गेला असेल. निम्मा आहे. ती आता माजघरात आहेत.

वास झाकण्याचे जे उपाय लोक करतात त्यांतले काही निरुपयोगी, काही सरळ अपायकारक. उदबत्ती, धूप, ऊद जाळले म्हणजे जुन्या धुरावर नवा धूर चढवला. मच्छरांच्या जळत्या कॉइलचेही तेच. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची आपल्याकडे रीत आहे. शेकाने बाईच्या अंगाला बरे वाटते, मला मान्य आहे, पण ऊब गरम पाण्याच्या पिशवीनेही मिळते आणि बाळाच्या छातीला निखाऱ्याच्या धुराने काहीही लाभ नाही. या बाबतीत आजेसासवांशी वाद झाला तर माझे नाव सांगावे. सुगंधी फवारे वास दडवतात, खाली थर तसाच. हवा शुद्ध करण्याचे यंत्र उडते कण पकडते, भिंतीत बसलेले ते काढू शकत नाही. आणि वास घालवणारे म्हणून ओझोनचे यंत्र विकले जाते, ते घेऊच नका. ओझोन फुप्फुसांना स्वतःच त्रासदायक, शिवाय निकोटीनशी त्याचा संयोग होऊन अतिसूक्ष्म कण तयार होतात.

डांबरगोळ्यांचे वेगळे सांगितले पाहिजे. फडताळातला वास मारायला मूठभर डांबरगोळ्या टाकायच्या आणि त्याच फडताळात बाळाची दुपटी-टोपडी ठेवायची, हे घरोघरी चालते. काही मुलांत, विशेषतः मुलग्यांत, जी-६-पीडी नावाच्या द्रव्याची जन्मजात कमतरता असते. अशा तान्ह्या बाळाला डांबरगोळीच्या वाफेने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. वाफ नाकावाटे जाते, गोळी तोंडात घालायलाच हवी असे नाही. बाळाचे कपडे डांबरगोळ्यांत कधी ठेवू नका. जुनी आजीची दुपटी ट्रंकेतून काढली असतील तर धुऊन, दोन दिवस उन्हात टाकून मगच वापरा.

एकदा केले म्हणजे झाले, असेही नाही. पुसल्यानंतर काही दिवसांनी लाकडाच्या आणि भिंतीच्या आत खोलवर बसलेला अंश पुन्हा वर येतो, हे संशोधकांनीही मोजले आहे. महिन्याच्या अंतराने दोन-तीन वेळा पुसावे लागते. रोज फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, झाडूने धूळ उडते आणि पुन्हा गादीवर बसते.

आणि हे सर्व व्यर्थ आहे, जर घरात अजून कुणी ओढत असेल. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्केच निघाले, तंबाखू खाणारे त्यांच्या सहापटीहून जास्त. तेव्हा हा लेख मूठभरांसाठी आहे असे वाटेल. पण त्याच पाहणीत देशातले ३८.७ टक्के प्रौढ घरात दुसऱ्याचा धूर घेतात असे दिसले. २००९-१० मध्ये हे प्रमाण ५२.३ टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. तरी एक ओढणारा घरातल्या चौघांना पुरतो, हाच याचा अर्थ. "मी बाहेर जाऊन ओढतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते चांगलेच आहे. परंतु बाहेर ओढणाऱ्या आईबापांच्या बाळांच्या लघवीतही निकोटीनचा अंश, न ओढणाऱ्यांच्या घरातल्या बाळांपेक्षा कितीतरी पट अधिक सापडलेला आहे. तो सदऱ्यातून, मिशांतून, बोटांतून आणि श्वासातून आत येतो.

ही गोष्ट आमच्या घरातच उपस्थित झाली. आमचे जावई ओढतात. मुलगा चांगला आहे, बायकोसमोर कधी ओढत नाही, अंगणाच्या टोकाला जातो. बारशाच्या दिवशी तो तसाच अंगणातून आला आणि पाळण्यातून बाळाला उचलायला वाकला. मी सासरा. जावयाला चारचौघांत सांगायचे कसे, या विचारात मी घुटमळलो. रुग्णाला मी एका वाक्यात सांगितले असते. आई पाळण्याशेजारी बसली होती. ती म्हणाली, "जावईबापू, आधी हातपाय धुवा, चूळ भरा, सदरा बदला. मग घ्या." तो निमूट उठला आणि अण्णांचा धुतलेला सदरा घालून आला. दुसऱ्या दिवशी त्याने मला एकट्याला गाठून विचारले की सोडायची तर कशी.

त्याला जे सांगितले ते इथेही सांगतो. एक तारीख ठरवावी आणि ती घरात सर्वांना सांगावी. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी, झोप न येणे हे फार होते, दोन-तीन आठवड्यांत पुष्कळ ओसरते. औषधाच्या दुकानात निकोटीनची च्युइंगगम मिळते. ती डॉक्टरांना विचारून, नेमक्या मात्रेत आणि ठरावीक आठवडेच घ्यावी. ती गोळीसारखी भराभर चघळायची नसते, थोडी चावून गालात धरायची असते. नुसत्या मनोबळावर पहिल्या प्रयत्नात सुटली नाही तर लाज वाटून घेऊ नये, माझी तिसऱ्या खेपेला सुटली. केंद्र सरकारचा तंबाखूमुक्तीसाठी मोफत दूरध्वनी आहे, १८००-११-२३५६. सिगारेटच्या पाकिटावरही तो छापलेला असतो.

शाहूपुरीतल्या त्या कुटुंबाने घरमालकाशी बोलून दोन खोल्या ऑइल प्रायमरने करून घेतल्या आणि मुलाची गादी बदलली. त्या हिवाळ्यात त्याला दोनदाच दम लागला. गादीचा गुण की प्रायमरचा, की मूल एका वर्षाने मोठे झाले याचा, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पंप अजून जवळ ठेवायला सांगितला आहे.

आमच्याकडे श्रावणाची झड लागली तेव्हा अण्णांच्या खोलीत पुन्हा किंचित वास आला. या वेळी मलाही आला. शोधता शोधता तो फडताळाच्या आतल्या फळीचा निघाला, तिची मागची बाजू कुणी पुसलीच नव्हती. बायकोने ती व्हिनेगरने दोनदा पुसली. बाळाचे कपडे तूर्त दुसरीकडे हलवले आहेत. आई संध्याकाळी पाळण्याची दोरी धरून तिथेच बसते आणि मी दवाखान्यातून आलो की विचारते, "आज येतो का रे?" फडताळ उघडले तर येतो, असे मी खरे ते सांगतो. पाऊस उघडला की रंगारी येणार आहे, फळीला मागून ऑइल पेंटचा एक हात द्यायचा राहिला आहे.